जाणीव हरपलेल्या रुग्णाचे ताठरलेले हातपाय



मोटारसायकलचा अपघात होतो, डोक्यास जबर मार बसतो, रुग्णास तातडीने शहरातील रुग्णालयात हलविले जाते. मेंदूवरील शस्त्रक्रिया पार पडते. तीन-चार आठवड्यांनी रुग्ण डोळे उघडतो आणि तो शुद्धीवर आल्याची वार्ता गावी पोहोचते. परंतु डोळे उघडले तरी तो कोणाकडे पाहत नाही. आईने हाक मारली तरी ओ देत नाही. पुढे त्याला घरी आणले जाते. नाकातील नळीवाटे अन्न, लघवीसाठी नळी, दर दोन तासांनी कूस बदलणे, हा घराचा नित्यक्रम होऊन बसतो. आणि मग महिन्या-दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात येऊ लागते. कोपरात दुमडून हात छातीशी येतो, मनगट आत वळते, मूठ मिटते व अंगठा मुठीत अडकून पडतो. पाय ताठ होतात, पाऊल खालच्या बाजूस झुकते. सदरा चढविणे अवघड होते, काख पुसता येत नाही. 'अंग आखडले' असे घरची मंडळी म्हणतात आणि आजाराचाच तो एक भाग समजून गप्प राहतात.

या गप्प राहण्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. मोठा प्रश्न 'हा माणूस जागा होईल काय' हा असतो, आणि त्यापुढे मिटलेली मूठ कोणालाही क्षुल्लक वाटावी हे साहजिक आहे. तज्ज्ञ डॉक्टरांचेही लक्ष पुष्कळ वर्षे मेंदूवरच खिळलेले होते. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांतील संशोधनाने हे स्पष्ट केले आहे की, हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे नाहीत. ताठरलेले शरीर रुग्णास वेदना देते. आणि रुग्णाच्या ठायी जाणिवेचा अंश उरला असेल, तर तो बाहेर प्रकट होण्याची वाटही तेच अडवून धरते.

प्रथम जाणिवेच्या अवस्थांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बोलीभाषेत या सर्वांना सरसकट 'कोमा' म्हणण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक कोमा ही डोळे मिटलेली गाढ बेशुद्धी होय आणि ती सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. रुग्ण दगावतो, सुधारतो, किंवा डोळे उघडतो पण भानावर येत नाही. या तिसऱ्या अवस्थेत झोप व जाग यांचे चक्र चालू असते, श्वास आपोआप चालतो. मात्र स्वतःची वा भोवतालची जाणीव असल्याची कोणतीही खूण दिसत नाही. स्कॉटलंडमधील मेंदूशल्यविशारद ब्रायन जेनेट आणि अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ फ्रेड प्लम यांनी १९७२ साली या अवस्थेचे जे नाव रूढ केले, त्याचे मराठीत 'वनस्पतिवत अवस्था' असे भाषांतर झाले. जिवंत माणसास झाडाची उपमा देणारे हे नाव अनेकांना खटकले, आणि २०१० मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी 'प्रतिसादहीन जागृती' असे सौम्य व अधिक अचूक नाव सुचविले. २००२ साली आणखी एका अवस्थेची व्याख्या करण्यात आली, ती म्हणजे 'किमान जाणिवेची अवस्था'. यातील रुग्ण कधी नजरेने एखाद्या वस्तूचा मागोवा घेतो, कधी सांगितल्यावर बोट हलवितो. पण हे नेहमी घडत नाही. सकाळी दिसलेली खूण दुपारी दिसत नाही.

आता ताठरतेकडे वळू. निरोगी शरीरात एखादा स्नायू ताणला गेला की तो उलट आकुंचन पावतो. डॉक्टर गुडघ्याखाली लहान हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो यामुळेच. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जूमध्येच घडते. मेंदूचे काम तिला लगाम घालण्याचे. मेंदूस इजा होऊन हा लगाम सुटला की स्नायू किंचित ताणासही अवाजवी प्रतिकार करू लागतो. ऑस्ट्रेलियातील मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली या विकाराची व्याख्या केली, तिचा गाभा असा की, स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा विरोध वाढतो. घरातील कोणासही याचा पडताळा घेता येतो. रुग्णाचा हात झटक्याने सरळ करू गेल्यास तो दगडासारखा अडतो. तोच सावकाश, दोन्ही हातांचा आधार देऊन उघडला तर पुष्कळसा उघडतो. सावकाश उघडूनही जो एका मर्यादेपलीकडे मुळीच सरकत नाही, तेथे केवळ ताठरता राहिलेली नसून स्नायू व कंडरा आखूड होऊन सांधा कायमचा धरला गेला आहे असे समजावे. पहिल्या स्थितीवर औषधाचा उपाय चालतो. दुसऱ्या स्थितीत औषध निरुपयोगी ठरते. पहिलीचे रूपांतर दुसरीत होऊ नये, यासाठीच सर्व धडपड करावयाची असते.

ताठरता मोजण्यासाठी ॲशवर्थ यांनी १९६४ साली एक साधी श्रेणी तयार केली व १९८७ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. शून्य म्हणजे मुळीच ताठरता नाही, चार म्हणजे सांधा हलतच नाही. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी या श्रेणीच्या आधारे दीर्घकाळ जाणीव हरपलेल्या ६५ रुग्णांची पाहणी केली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६५ पैकी ५८ रुग्णांत ताठरता आढळली. ४० जणांत ती तीव्र, म्हणजे श्रेणी तीन वा त्याहून अधिक होती. इजा होऊन जितका अधिक काळ लोटला, तितकी ताठरता अधिक. जेथे भौतिकोपचार वारंवार मिळत होते, तेथे ती कमी. आणि ज्यांची ताठरता तीव्र, त्यांच्या चेहऱ्यावर व हालचालींत वेदनेच्या खुणाही अधिक. अर्थात एवढ्यावरून भौतिकोपचारानेच ताठरता कमी झाली असे म्हणणे घाईचे ठरेल. कदाचित कमी ताठरलेल्या रुग्णांनाच व्यायाम देणे सोपे जात असेल. पण हा विकार अपवादात्मक नसून जवळजवळ प्रत्येक बिछान्यावर हजर आहे, एवढे या पाहणीने निःसंशय सिद्ध केले.

वेदनेच्या प्रश्नावर येथे थोडे थांबले पाहिजे. 'त्याला काही कळतच नाही, मग दुखणार कसे?' असा प्रश्न नातेवाईकच नव्हे, तर कधीकधी रुग्णालयातील कर्मचारीही विचारतात. याच लिएज येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या चित्रणात असे दिसले की, किमान जाणिवेच्या अवस्थेतील रुग्णास वेदनादायक उद्दीपन दिले असता त्याच्या मेंदूचे जे भाग कार्यरत होतात, ते निरोगी माणसाच्या मेंदूप्रमाणेच होत. तेव्हा आंघोळ घालताना ज्याचा हात ओढून सरळ केला जातो आणि ज्याच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या रुग्णास दुखत आहे असे धरूनच वागणे, हा एकच सुरक्षित मार्ग होय.

याहून गंभीर गोष्ट निदानाची. जाणीव आहे की नाही हे ओळखण्याचा डॉक्टरांचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे 'माझा हात दाबा' असे रुग्णास सांगणे. परंतु ज्याची मूठ अगोदरच घट्ट मिटलेली आहे, त्याने हात दाबावा कसा आणि सोडावा कसा? तो सांगितलेले ऐकून, समजून, आटोकाट प्रयत्न करीत असला तरी बाहेर काहीच दिसणार नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एकमताने 'वनस्पतिवत' ठरविलेल्या ४४ रुग्णांची प्रमाणित पद्धतीने फेरतपासणी झाली, तेव्हा त्यातील १८ जणांत जाणिवेच्या खुणा आढळल्या. दहापैकी चार! या सर्व चुकांचे खापर ताठरतेवर फोडता येणार नाही. थकवा, झोप आणणारी औषधे, बहिरेपणा, घाईची तपासणी अशी अनेक कारणे असतात. तरीपण ताठर हातापायांच्या रुग्णाची परीक्षा हातावर नव्हे तर डोळ्यांवर करावी, हे यातून निघते. समोर बोट वा पेन हलविण्यापेक्षा आरसा धरून तो हळूहळू बाजूला सरकवावा. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर अधिक सहजपणे जाते, असे संशोधनात दिसून आले आहे. आरसा प्रत्येक घरात असतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विषयात एक नाव टाळता येत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये निर्घृण हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निर्णयात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण होऊ न देणे ही वैद्यकीय जगातही विरळा गोष्ट होती. एवढी शुश्रूषा असूनही त्यांचे हातपाय आखडले होते. हा कोणाचा दोष नव्हे. १९७३ साली ताठरतेवर जे उपाय उपलब्ध होते, ते आजच्या तुलनेने फारच तोकडे होते. पण त्वचा सांभाळणे आणि सांधे सांभाळणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे या उदाहरणावरून लक्षात यावे. कूस बदलल्याने त्वचा वाचते. सांध्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात.

ते कष्ट कोणते? ताठरता एकाएकी वाढली असेल, तर औषध वाढविण्यापूर्वी शरीरात कोठे काही बोचते आहे काय ते पाहावे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ताठरता ही एक प्रकारची हाक असते. मलावरोध, तुंबलेली लघवी, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाठीखाली नुकतेच सुरू झालेले व्रण, मांसात रुतलेले नख, पिळवटलेली नळी, चादरीची घडी, यांपैकी काहीही स्नायूंना चेतवू शकते. कारण दूर केले की पुष्कळदा ताठरता पूर्वपदावर येते, आणि यास खर्च काहीच नाही.

त्यानंतर येतो भौतिकोपचार. प्रत्येक सांधा सावकाश, दुखणार नाही इतपत उघडावा आणि तेथे काही वेळ धरून ठेवावा. याबाबत घराघरांतून अवास्तव आशा बाळगली जाते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. निरनिराळ्या मेंदूविकारांच्या व इतर रुग्णांवर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१० साली व पुन्हा २०१७ साली घेण्यात आला. काही आठवडे वा महिने नुसते ताण दिल्याने सांध्याच्या हालचालीत फारसा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष निराशाजनक खरा. पण त्याचा अर्थ व्यायाम सोडून द्यावा असा नव्हे. दिवसातून अर्धा तास व्यायाम आणि उरलेले साडेतेवीस तास हात छातीशी दुमडलेला, या हिशेबात अर्धा तास हरणारच. म्हणून उरलेल्या वेळी अंग कोणत्या स्थितीत ठेवले जाते त्याला महत्त्व येते. तळहातात मऊ कापडाची गुंडाळी, कोपर थोडेसे सरळ राहील अशी उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये घडी घातलेले पांघरूण, पावलास आधार देऊन ते काटकोनात ठेवणे, आणि शक्य तितक्या लवकर रुग्णास खाटेवरून उठवून पाठीस आधार देणाऱ्या खुर्चीत बसविणे. लिएजच्याच एका छोट्या अभ्यासात मऊ आधारपट्टी हातात अर्धा तास ठेवल्याने बोटांची ताठरता तात्पुरती कमी झाली व मूठ अधिक उघडली असे आढळले. कडक पट्टी मात्र घरच्या घरी बांधू नये. ज्याला 'टोचते' असे सांगता येत नाही, त्याच्या त्वचेस तिच्यामुळे जखम होते आणि ती दोन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

औषधांच्या बाबतीत या रुग्णांची अडचण मोठी चमत्कारिक आहे. ताठरता कमी करणारी बहुतेक औषधे मेंदूस गुंगी आणतात. पाठीच्या कण्याच्या दुखापतीने पाय ताठरलेल्या माणसास थोडी झोप आली तर तो ती सोसतो आणि तसे डॉक्टरांना सांगतोही. परंतु ज्याच्या जाणिवेचा दिवा आधीच मंद तेवत आहे, त्यास तीच मात्रा पुन्हा अंधारात लोटू शकते. आणि बाहेरून पाहणारे म्हणतात, प्रकृती खालावली. डायझेपामच्या बाबतीत हा धोका सर्वाधिक असून या रुग्णांत ते होता होईतो टाळावे. टिझानिडिनने झोप येते व रक्तदाब उतरतो. बॅक्लोफेन हे सर्वत्र वापरले जाणारे औषध. तेही गुंगी आणते, आणि झटके येण्याची प्रवृत्ती असल्यास ती वाढवू शकते. डँट्रोलिन प्रत्यक्ष स्नायूवर काम करते, परंतु यकृतावर लक्ष ठेवावे लागते. ही औषधे देऊच नयेत असे नाही. ती कमी मात्रेने सुरू करावीत, आणि औषधापूर्वी रुग्ण दिवसाकाठी किती वेळ डोळे उघडे ठेवीत होता, नजर किती वेळा फिरवीत होता, याची घरच्यांनी वहीत नोंद ठेवावी. डॉक्टर दहा मिनिटे पाहतात. घरचे माणूस दिवसभर पाहते.

बॅक्लोफेनबाबत आणखी एक इशारा ग्रामीण भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ चालू असलेले हे औषध एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप, झटके, भ्रम व ताठरतेचा उद्रेक होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. तालुक्याच्या दुकानात गोळ्या संपल्या, बाजाराचा दिवस चार दिवसांवर आहे, पावसाने रस्ता बंद झाला, अशा साध्या कारणांनी हे घडते. अशा रुग्णाच्या घरी आठवड्याचा साठा शिल्लक असावा, हे गावातील आशा सेविकेस ठाऊक असले पाहिजे.

गुंगी न आणता ठराविक स्नायू सैल करणारा उपाय म्हणजे बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन. बिघडलेल्या अन्नातून माणसाचा बळी घेणारे हेच ते विष; अमेरिकन नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी १९८० साली तिरळेपणावर ते औषध म्हणून वापरल्याचे प्रसिद्ध केले. आज सुरकुत्या घालविण्यासाठी ते जगभर खपते, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. अतिशय अल्प प्रमाणात ते स्नायूत टोचले असता मज्जातंतूकडून स्नायूस जाणारा संदेश रोखला जातो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. नंतर पुन्हा टोचावे लागते. मूठ उघडण्यासाठी, काखेची स्वच्छता करता यावी यासाठी, वा मांड्या विलग होऊन लंगोट बदलता यावा यासाठी ते फार उपयोगी पडते. मात्र ते महाग आहे, आणि सैल झालेल्या या तीन महिन्यांत व्यायाम व आधारपट्टी यांची जोड दिली नाही, तर पैसे पाण्यात गेले असे समजावे. मज्जातंतूभोवती फिनॉलचे इंजेक्शन देणे ही जुनी रीत खूपच स्वस्त आहे. ती कुशल हातांचे काम आहे आणि काही मज्जातंतूंच्या बाबतीत नंतर दाह जाणवतो. पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात थेंब थेंब बॅक्लोफेन सोडण्याची पद्धत १९८४ पासून प्रचारात आली. मात्रा अत्यल्प असल्याने गुंगी कमी येते. या उपचारानंतर काही रुग्णांची जाणीवही सुधारल्याचे वृत्तांत आहेत, परंतु ते मोजकेच आहेत व त्यावर आशेचे इमले बांधू नयेत. सांधा कायमचा धरला गेला असेल, तर कंडरा लांबविण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो.

हे सर्व शहरातील मोठ्या रुग्णालयात मिळेल, गावात काय? गावात भौतिकोपचारतज्ज्ञ नसतो. पण रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी नातेवाइकांना सांधे उघडण्याची व अंग ठेवण्याची रीत कोणीतरी हाताला धरून शिकविली होती काय, हे विचारता येते आणि नसल्यास जिल्हा रुग्णालयात पाठवून शिकवून आणता येते. ग्रामपंचायतीस स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती पुष्कळदा वर्षअखेरीस घाईने वाटली जाते. पाठीस व मानेस आधार देणारी खुर्ची किंवा हवेची गादी यांसाठी ती आधीच मंजूर झाली, तर एका रुग्णाचे सांधे वाचू शकतील. खाटेवरच्या माणसास दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी फेऱ्या मारावयास लावणे कितपत रास्त आहे, याचाही संबंधित अधिकाऱ्यांनी विचार करावा. शिक्षकांच्या लक्षात मात्र एक गोष्ट इतरांच्या आधी येते. हजेरीपटावर एखाद्या मुलीची अनुपस्थिती वाढत जाते, आणि चौकशी करता कळते की बाप वा भाऊ अंथरुणावर आहे व दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम तिच्याकडे आले आहे.

किती काळ हे करावयाचे, असा प्रश्न शेवटी येतोच. पूर्वी अपघातानंतर बारा महिने उलटले की ही अवस्था 'कायमची' ठरविली जात असे. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांतून तो शब्द काढून टाकला व त्याऐवजी 'दीर्घकालीन' हा शब्द घातला. कारण काही रुग्णांत, विशेषतः डोक्यास मार लागलेल्यांत, वर्षानंतरही जाणीव परतल्याचे दिसून आले होते. असे रुग्ण थोडे असतात आणि त्यांतील बहुतेकांस पुढेही दुसऱ्याचा आधार लागतो. बोलणे परतेलच असे नाही. मग त्यांच्यापुढे अक्षरांचा वा चित्रांचा तक्ता धरला जातो आणि पाणी हवे की कूस बदलावयाची, हे बोटाने दाखवावयास सांगितले जाते. त्या दिवशी ते एक बोट मुठीतून बाहेर येऊ शकते किंवा नाही, हे मागील दोन वर्षांत त्या तळहातात कापडाची गुंडाळी ठेवली गेली होती की नव्हती, यावरही अवलंबून असू शकते.